देश कोणत्या रकान्यात? गुरांच्या रोगांची जोखीम वाचायला शिकताना

नोव्हेंबर २००० पर्यंत जर्मनीचं म्हणणं ठाम होतं: आमच्याकडे जन्मलेल्या एकाही गुराला ‘मॅड काऊ’, म्हणजे बीएसई हा गुरांच्या मेंदूचा रोग, झालेला नाही. जी थोडी जनावरं सापडली होती ती बाहेरून आणलेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये युरोपीय आयोगाच्या शास्त्रज्ञ समितीनं देशांची वर्गवारी मंजूर केली. तिच्यात चार पातळ्या होत्या, आणि जर्मनीला तिसरी पातळी मिळाली: रोग बहुधा आहे, अजून सिद्ध झालेला नाही. स्पेन आणि इटलीही त्याच पातळीवर. चार महिन्यांनी निरोगी दिसणाऱ्या गुरांच्या चाचण्या सुरू होताच श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये जर्मन गोठ्यातली पहिली रोगी गाय सापडली. स्पेनमध्येही त्याच महिन्यात, आणि इटलीत जानेवारी २००१ मध्ये.

समितीनं एकाही गायीचा मेंदू तपासला नव्हता. हा रोग मुख्यतः खाद्यातून, रोगी जनावरांच्या अवशेषांच्या भुकटीतून पसरतो, म्हणून तिनं दोनच हिशेब मांडले होते. या देशांनी ब्रिटनमधून किती जनावरं आणि किती मांस-हाडांची भुकटी आणली, आणि ती भुकटी देशातल्या गुरांच्या दावणीपर्यंत जायचे रस्ते किती उघडे होते.

मी पशुवैद्यक आहे, आणि आयातीच्या फायली वाचणं हे माझं रोजचं काम. या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही जर्मनीची हकीकत सांगते. नुकतीच पदवी घेतलेले डॉक्टर असोत, कस्टम एजंटकडची मुलं असोत की परदेशी वळूंच्या गोठित रेतमात्रा मागवणाऱ्या संस्थांचे लोक असोत, पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, तिकडे रोग आहे का?’ माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा: तिकडे रोग असता तर त्यांना तो सापडला असता का, आणि आपण मागवतोय त्या मालातून तो इथवर येऊ शकतो का? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आहेत.

पायरी पहिली: रोगाचं नाव लिहा

‘हा देश सुरक्षित आहे’ असं वाक्य फाइलमध्ये कधी लिहू नका. देश एका रोगासाठी सुरक्षित असतो आणि दुसऱ्यासाठी नसतो. भारताचंच बघा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या, म्हणजे जुन्या ओआयईच्या यादीत भारताला २०१० मध्ये बीएसईसाठी सर्वांत चांगला दर्जा मिळाला. पण लाळ्या खुरकूत आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी २०१९ पासून देशभर लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. एकच देश, दोन रोग, दोन वेगळी उत्तरं.

ही संघटना मुळात गुरांच्याच रोगातून जन्मली, आणि त्यात आपल्याकडची जनावरं होती. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली गेली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, युरोपात शिरली. त्या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये करार केला. बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली, पण त्या प्रवासाचा धडा आजही लागू आहे: माल कुठून निघाला एवढंच बघून भागत नाही, तो वाटेत कुठे थांबला तेही बघावं लागतं. मुक्कामाच्या बंदराचा देशही तपासायचा असतो.

संघटना सगळ्या रोगांसाठी अधिकृत दर्जा देत नाही. बीएसई, लाळ्या खुरकूत, गुरांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर अशा मोजक्या रोगांनाच तो मिळतो. लम्पीसाठी अशी तयार यादी नाही. तिथे त्या देशानं कळवलेले उद्रेक तुम्हाला स्वतः वाचावे लागतात.

पायरी दुसरी: माल काय आहे ते बघा, मग देश

माझी सुरुवातीच्या दिवसांतली चूक इथेच झाली. गोठित रेतमात्रांची एक फाइल होती आणि निर्यातदार देश बीएसईच्या ‘नियंत्रित जोखीम’ गटात, म्हणजे तीन गटांतल्या मधल्या गटात होता (हे गट पुढच्या पायरीत येतात). मी यादीत देशाचं नाव पाहिलं आणि बीएसईच्या सगळ्या अटी घालून फाइल परत पाठवली. मागवणारे गृहस्थ दोन आठवडे पत्रव्यवहार करत राहिले. शेवटी वरिष्ठांनी शांतपणे मला संघटनेच्या संहितेचा, म्हणजे तिच्या नियमांच्या पुस्तकाचा, बीएसईचा अध्याय काढून दाखवला. दूध, वळूचं रेत, गायीच्या पोटात तयार झालेले भ्रूण, कातडी, कातड्यापासून केलेलं जिलेटिन या मालावर बीएसईसाठी कोणतीही अट नाही, मग देश कोणत्याही गटात असो. रोगाचा घटक, म्हणजे प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन, या वस्तूंमधून पसरत नाही. मी देश वाचला होता, माल वाचलाच नव्हता.

याउलट मेंदू, डोळे, कवटी, मज्जारज्जू, पाठीचा कणा आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक ही धोक्याची ठिकाणं. ‘नियंत्रित’ गटातल्या देशातून मांस येत असेल तर ३० महिन्यांवरच्या जनावराचे हे अवयव वगळावेच लागतात, आणि आतड्याचं ते टोक तर कोणत्याही वयाच्या जनावराचं. आता ३० महिने ओळखायचे कसे? जन्मनोंद नसेल तर अमेरिकेतल्या कत्तलखान्यातला निरीक्षक दात बघतो. दोन पक्क्या दातांनंतरच्या जोडीतला एक जरी दात हिरडीबाहेर दिसला तरी ते जनावर ३० महिन्यांवरचं धरतात. आपल्या बैलबाजारातल्या भाषेत सांगायचं तर, चार दाती व्हायला लागलेलं जनावर. जत्रेत जबडा उघडून दात मोजणारा शेतकरी आणि तो निरीक्षक एकच काम करत असतात, हे मला दर वेळी आवडतं.

लाळ्या खुरकुतीसाठी गणित पूर्ण वेगळं आहे. तो विषाणू दुधातूनही जातो, रेतातूनही जातो. पण आम्ल त्याला सोसत नाही. कत्तलीनंतर मांस २ अंशांवरच्या तापमानाला निदान २४ तास मुरवलं की स्नायूतली आम्लता वाढते. पाठीच्या लांब स्नायूच्या मध्यात पीएच ६ च्या खाली आला की त्या स्नायूत विषाणू तगत नाही. हाडांचा मगज आणि लसिका गाठी मात्र तेवढ्या आम्ल होत नाहीत, म्हणून त्या काढून टाकायच्या. भारतात हा रोग असूनही आपलं म्हशीचं मांस हाडं आणि गाठी काढून व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातं, त्यामागचं शास्त्र हे आहे.

पायरी तिसरी: यादी उघडा, आणि तारीख टिपा

बीएसईसाठी संघटनेच्या यादीत तीन गट आहेत: नगण्य जोखीम, नियंत्रित जोखीम, अनिश्चित जोखीम. पूर्वी पाच होते, २००५ मध्ये तीन केले. तिसऱ्या गटाबद्दल नवे लोक हमखास फसतात. ‘अनिश्चित’ म्हणजे रोगानं ग्रासलेला देश नव्हे. ज्यानं अर्जच केला नाही, किंवा ज्याचा पुरावा पुरेसा ठरला नाही, तो देश आपोआप तिथे जातो. तिथे रोग कदाचित कधी आलाही नसेल. पण सिद्ध करायला कागद नाही, म्हणून त्याच्यावर अटी सर्वांत कडक.

दर्जा एकदा मिळाला की कायमचा नसतो. दर वर्षी मे महिन्यात पॅरिसच्या सर्वसाधारण अधिवेशनात याद्या मंजूर होतात आणि दर नोव्हेंबरात प्रत्येक देशानं माहिती पुन्हा कळवून आपला दर्जा टिकवायचा असतो. मधल्या काळात काही घडलं तर दर्जा तिथल्या तिथे स्थगित होतो. आयर्लंडला मे २०१५ च्या शेवटी ‘नगण्य’ दर्जा मिळाला. जूनमध्ये लाउथ परगण्यात पाच वर्षांची एक गाय रोगी निघाली आणि देश परत ‘नियंत्रित’ गटात गेला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ‘नगण्य’ दर्जासाठी रोगी जनावराच्या जन्माला ११ वर्षं व्हावी लागत. आयर्लंडला दर्जा परत मिळाला तो २०२१ मध्ये. २०२३ च्या सुधारणेत ही मुदत ८ वर्षांवर आणली. जुनं टिपण समोर ठेवून काम करणारे अजून ११ म्हणतात, म्हणून संहितेची कोणत्या वर्षाची प्रत वापरली तेही फाइलवर लिहा.

पायरी चौथी: गटामागचा पुरावा वाचा

ही पायरी सर्वांत लांब, आणि माझ्या मते खरं काम इथेच आहे. यादी वाचायला पाच मिनिटं लागतात. देशानं दिलेली कागदपत्रं वाचायला आठवडा लागू शकतो.

आधी विचारा, रोग आत कसा आला असता? जिवंत जनावरं, मांस-हाडांची भुकटी आणि ती मिसळलेलं तयार खाद्य यांची आयात वर्षावार बघा. ब्रिटनमध्ये रोग नोव्हेंबर १९८६ मध्ये ओळखला गेला, आणि जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ही भुकटी घालायला बंदी झाली. पण तिची निर्यात त्यानंतरही काही वर्षं चालू होती. म्हणून त्या काळातले आयातीचे आकडे मी पहिल्यांदा काढते. जपाननं जून २००१ मध्ये युरोपीय समितीचं मूल्यमापन नाकारलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे पहिली रोगी गाय सापडली.

मग विचारा, आत आलेला घटक गुरांच्या पोटात गेला असता का? इथे कारखाना बघायचा. मेलेल्या-कापलेल्या जनावरांचे अवशेष वितळवून भुकटी करतात तिथलं तापमान किती? प्रमाण असं की तुकडे ५० मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत, आणि ते १३३ अंश सेल्सिअसला, ३ बार दाबाखाली, २० मिनिटं शिजायला हवेत. एवढं करूनही प्रायॉन पूर्ण नष्ट होईल याची खात्री नसते, फक्त प्रमाण खूप घटतं. त्यामुळे खरा आधार खाद्यबंदीचा. कायदा कधी झाला एवढ्यावर समाधान मानू नका. कोंबडीखाद्य आणि गुरांचं खाद्य एकाच यंत्रात बनतं का, दोन्हींमध्ये यंत्र कसं साफ होतं, निरीक्षक वर्षातून किती वेळा येतो, त्याला किती ठिकाणी दोष सापडले आणि पुढे काय केलं ते शोधा. एका वासराला बाधा व्हायला रोगी मेंदूचा १ ग्रॅमपेक्षाही कमी अंश पुरतो हे प्रयोगात दिसलं आहे. मिक्सरच्या कोपऱ्यात तेवढं सहज राहतं.

आपल्याकडे गुरांच्या पुढ्यात कडबा, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, भुसा असतो. ही सवय बीएसईसाठी फार मोठं संरक्षण आहे. पण तयार पशुखाद्याची पोती गावोगाव पोचली आहेत, तेव्हा ‘आमच्याकडे गाय शाकाहारीच खाते’ एवढ्यावर हा रकाना भरू नये.

आठ वर्षांचा आकडा इथेही आहे. ‘नगण्य’ गटासाठी रोगाचा घटक गुरांमध्ये फिरून फिरून वाढण्याची शक्यता निदान ८ वर्षं नगण्य होती हे दाखवावं लागतं. कारण सोपं आहे: वासरानं आज घाण खाल्ली तर लक्षणं साधारण चार-पाच वर्षांनी दिसतात. दोन वर्षं शांत गेली म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

आणि मग निगराणी. जिवंत जनावराच्या रक्तात बीएसई शोधणारी मान्य चाचणी नाही. निदान मेल्यानंतरच होतं, तेही मेंदूतून. कापलेलं डोकं टेबलावर उलटं ठेवतात, म्हणजे मणक्याकडचं मोठं छिद्र वर येतं. त्यातून लांब दांड्याचा चमचा आत घालून, आजूबाजूच्या नसा तोडत, मेंदूचा खालचा देठ अलगद बाहेर ओढतात. त्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच दिसते, ती ऑबेक्स. एवढासा तुकडा, पण रोग असेल तर प्रायॉन तिथे हमखास साठलेला असतो. अर्धा भाग ताजा ठेवतात झटपट चाचणीसाठी, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये. हात घाईत असेल तर खाच फाटते आणि नमुना वाया जातो. देशानं ‘इतके हजार नमुने’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यातले किती तपासण्यायोग्य निघाले हेही विचारा.

नमुने किती यापेक्षा ते कोणत्या गुरांचे, हे महत्त्वाचं. २०२३ पर्यंत त्यासाठी गुण ठरलेले होते. चार ते सात वर्षांच्या, लक्षणं दाखवणाऱ्या एका गायीचे ७५० गुण, आणि त्याच वयाच्या, कत्तलीला आलेल्या धडधाकट गायीचे ०.२. एका लडखडणाऱ्या गायीचा नमुना ३,७५० निरोगी गायींच्या बरोबरीचा. गुणांची ती पद्धत आता काढून टाकली, नव्या नियमांचा भर लक्षणं असलेल्या जनावरांवर आहे. तरी ते दोन आकडे मनात ठेवा. लाखभर निरोगी गायी तपासल्याचं सांगणारा, पण उठता न येणाऱ्या, बिथरणाऱ्या गायींची वर्षभरात एकही नोंद नसणारा देश मला निर्धास्त करत नाही. लाखो गुरं आहेत तिथे आजारी गाय असायचीच. तिची नोंद नाही म्हणजे गोठ्यापासून डॉक्टरपर्यंतची साखळी कुठेतरी तुटली आहे.

पायरी पाचवी: बातमी आली तर घाबरण्याआधी प्रकार विचारा

बीएसईचे दोन प्रकार आहेत. एक खाद्यातून पसरणारा, अभिजात. दुसरा म्हाताऱ्या गुरांमध्ये क्वचित आपसूक उद्भवणारा, म्हणजे अनियमित. २०१५ पासून दुसऱ्या प्रकारामुळे देशाचा दर्जा बदलत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस आणि मातो ग्रोसो राज्यांत अशा दोन गायी सापडल्या. दर्जा ‘नगण्य’च राहिला, पण चीनला जाणारं गोमांस डिसेंबरपर्यंत थांबलं. कारण दोन देशांच्या आपसातल्या करारात वेगळी अट होती. म्हणून यादी तपासली की द्विपक्षीय करार आणि आरोग्य दाखल्याचा मसुदाही तपासा.

पायरी सहावी: देशाचा तुकडा पाडता येतो का?

लाळ्या खुरकुतीच्या यादीत देशच नव्हे, विभागही असतात: लस न देता मुक्त, लस देऊन मुक्त. आपल्याकडेही असे मुक्त विभाग उभे करायचं काम चालू आहे आणि निवडलेल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र आहे. १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीत ब्रँडनबुर्गमध्ये पाणम्हशींच्या कळपात हा रोग सापडला, १९८८ नंतर पहिल्यांदा. अख्ख्या देशाचा दर्जा गेला. पुढे मार्चमध्ये उद्रेकाभोवती वेढा आखून बाकीच्या देशाला तो परत मिळाला.

विभाग मानायचे की नाही हे आयात करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. १९९५ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात ते बंधन आहे. अमेरिकेनं अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाचा रोगमुक्त भाग वेळेत मानला नाही, तेव्हा २०१५ मध्ये निकाल अर्जेंटिनाच्या बाजूनं लागला. त्याच वर्षी भारतही हरला होता. बर्ड फ्लूसाठी आपण अमेरिकेच्या पूर्ण देशातून कोंबड्यांचा माल रोखत होतो आणि त्यामागे स्वतःचं जोखीम-मूल्यमापन नव्हतं. कडक राहायला बंदी नाही. कडकपणामागे लेखी शास्त्र हवं, एवढंच. म्हणून ‘खबरदारी म्हणून नाकारलं’ हा शेरा मी कुणालाही लिहू देत नाही.

पायरी सातवी: आपल्याकडचे कागद, आणि कांडीवरची तारीख

भारतात या सगळ्याचा पाया १८९८ चा पशुधन आयात कायदा. माल जहाजात चढण्याआधी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाकडून सॅनिटरी इम्पोर्ट परमिट घ्यायचं. माल दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा ठरलेल्या ठिकाणीच उतरतो, जिथे पशु क्वारंटाइन केंद्र आहे. परमिट नसताना निघालेला माल इथे पोचल्यावर त्याला वाचवायचा मार्ग जवळपास उरत नाही. तो परत पाठवतात किंवा नष्ट करतात.

शेवटी प्रत्यक्ष एक फाइल वाचून बघा. समजा जर्मनीतून गोठित रेतमात्रा आल्या आहेत. द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमधून चिमट्यानं एक कांडी, म्हणजे रेत भरलेली बारीक नळी, वर काढली, की धुराआड बारीक अक्षरं दिसतात: वळूचा क्रमांक, जात, केंद्र, आणि रेत काढल्याची तारीख. ती आहे २० डिसेंबर २०२४. परमिट नोव्हेंबरचं, दाखला ५ जानेवारीचा, आणि दोन्हींत देश ‘मुक्त’. बीएसईचा इथे संबंध नाही, ते दुसऱ्या पायरीत संपलं. पण लाळ्या खुरकुतीसाठी रेत दिल्यावर पुढचे ३० दिवस वळूनं लक्षणं दाखवलेली नसावीत अशी अट आहे. २० डिसेंबरचे ३० दिवस १९ जानेवारीला भरतात, आणि उद्रेक १० जानेवारीला उघड झाला. दाखल्यावर सही झाली तेव्हा ते ३० दिवस भरलेच नव्हते. सही करणाऱ्यानं खोटं लिहिलेलं नाही, पण त्याला जे माहीत असणं शक्य नव्हतं त्यावर तुम्हाला विसंबता येत नाही.

अशा वेळी कॅन क्वारंटाइनमध्येच ठेवा. निर्यातदार देशाच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून त्या केंद्रातल्या सगळ्या जनावरांची १९ जानेवारीपर्यंतची लेखी स्थिती मागवा आणि केंद्र उद्रेकापासून किती अंतरावर आहे ते नकाशासह घ्या. गोठवलेला माल नासत नाही, फक्त नायट्रोजनची पातळी दर दोन-चार दिवसांनी काठी बुडवून बघत राहा. उत्तर आलं की ते, त्या दिवशीची दर्जाची यादी आणि कांडीवरच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो, तिन्ही एकत्र फाइलला लावा.